‘येऽपि स्युः पापयोनयः’ : नवव्या अध्यायातील एका श्लोकाचा संदर्भ नेमका कोणता?

संथा

सर्वांना नमस्कार.

आमच्या वसाहतीतील वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी दर रविवारी सकाळी मुलांना गीतेची संथा देते. मूळ हेतू पाठांतराचा असला, तरी मुले आठवी-नववीत गेली की श्लोकाखाली छापलेला मराठी अर्थही वाचू लागतात आणि मग प्रश्न येतात. पंधरा दिवसांपूर्वी नवव्या अध्यायाचा बत्तिसावा श्लोक चालू होता :

मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः ।
स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम् ॥

खाली अर्थ असा होता : अर्जुना, माझा आश्रय घेतला की जे पापयोनी, म्हणजे पापी जन्माचे, ते स्त्रिया, वैश्य आणि शूद्रही परम गतीला जातात. तेरा वर्षांच्या एका मुलीने या ओळीवर बोट ठेवून विचारले, “ताई, म्हणजे मी, माझी आई आणि आजी, आम्ही सगळ्या पापयोनी आहोत का?” मी तिला म्हणाले, “तसा अर्थ नाही गं, त्याचा संदर्भ वेगळा आहे,” आणि लगेच तेहतिसावा श्लोक सांगायला घेतला. ती उरलेला वेळ पुस्तक मिटून बसून राहिली. घरी आल्यावर मला स्वतःची लाज वाटली, कारण संदर्भ वेगळा आहे असे मी सांगितले खरे, पण तो कोणता, हे तिने पुढे विचारले असते तर मला सांगता आले नसते. तिला शांत करण्यासाठी मी एक शब्द वापरला होता, आणि तो माझ्यापुरता रिकामा होता.

त्यानंतर जेवढे वाचता आले तेवढे वाचले. या श्लोकाचे दोन अन्वय, म्हणजे शब्दांचा एकमेकांशी संबंध जुळवण्याच्या दोन रीती, लावले जातात, असे दिसते. एका अन्वयात ‘पापयोनी’ हे स्त्रिया, वैश्य आणि शूद्र या तिघांचे विशेषण होते. दुसऱ्यात ‘पापयोनी’ हा चौथा, स्वतंत्र गट होतो, आणि स्त्रिया, वैश्य व शूद्र ही त्याच्यापुढची यादी होते. दुसरा अन्वय सापडला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, हे मोकळेपणाने सांगते. परंतु तो मला बरोबर वाटतो म्हणून पटला की सोयीचा आहे म्हणून पटला, ही शंका दुसऱ्याच दिवशी आली आणि ती अजून गेलेली नाही.

ग्रंथाची वकिली करावी किंवा ग्रंथावर खटला भरावा, यांपैकी कोणत्याही हेतूने मी हा धागा काढलेला नाही. गीता माझ्या रोजच्या जगण्यात आहे आणि ती मुलगीही आहे. दोघींशी खोटे न बोलता या श्लोकाविषयी काय सांगता येईल, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

भाष्यवाचक

संथाताई, दुसऱ्या अन्वयाविषयीची आपली शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हस्तलिखितांत स्वल्पविराम नसतो. श्लोकात ‘ये’ हे संबंधी सर्वनाम आहे आणि त्याचा जोडीदार ‘ते’ शेवटच्या चरणात येतो. त्या दोहोंच्या मध्ये ‘स्त्रियो वैश्यास्तथा शूद्राः’ ही पदे आहेत. ती ‘जे पापयोनी’ म्हणजे कोण याचा खुलासा करतात, की त्या गटात आणखी भर घालतात, हे एकट्या व्याकरणाने ठरत नाही. ‘तथा’ दोन्ही बाजूंना चालते. त्यामुळे दोनांपैकी कोणताही अन्वय व्याकरणाच्या दृष्टीने अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता परंपरेने काय केले ते पाहू. शंकराचार्य ‘पापा योनिः येषाम्’ असा विग्रह करतात, मग ते कोण असा प्रश्न स्वतःच उपस्थित करतात आणि उत्तरात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांची नावे घेतात. रामानुजाचार्यांचे भाष्यही याच अन्वयाने जाते. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीने पुस्तकातील अर्थ वाचून जो निष्कर्ष काढला, तोच दोन थोर आचार्यांनी काढलेला आहे. तिचे वाचन अपरिपक्व होते किंवा तिला संदर्भ कळला नाही, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या अन्वयाच्या बाजूचा भक्कम पुरावा छांदोग्य उपनिषदात आहे. पाचव्या अध्यायाच्या दहाव्या खंडात असे म्हटले आहे की, ज्यांचे आचरण रमणीय असते त्यांना रमणीय योनी मिळते, आणि तेथे ब्राह्मणयोनी, क्षत्रिययोनी आणि वैश्ययोनी अशी तीन नावे दिली आहेत. श्रुतीच वैश्ययोनीला रमणीय म्हणत असेल, तर गीता तिला पापयोनी म्हणणार नाही, म्हणून हे विशेषण वैश्यांना लागू नाही आणि पर्यायाने यादीतील इतरांनाही नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो मला बराच वजनदार वाटतो.

मात्र या अन्वयानेही सगळे निभत नाही, कारण पुढचा श्लोक ‘किं पुनर्ब्राह्मणाः पुण्या भक्ता राजर्षयस्तथा’ असा आहे. ‘तेही जातात, मग पुण्यवान ब्राह्मणांविषयी आणि राजर्षींविषयी काय बोलावे!’ याला कैमुतिक न्याय म्हणतात. हा न्याय चालण्यासाठी ऐकणाऱ्याच्या मनात वर-खाली अशी उतरंड आधीच असावी लागते. ‘पापयोनी’ शब्द कोणाच्याही माथी मारा अथवा काढून घ्या, बत्तिसावा आणि तेहतिसावा हे दोन श्लोक मिळून जी पायरी गृहीत धरतात, ती तशीच राहते.

निर्मळवाट

मला वाटते, आपण एकाच शब्दावर फार वेळ थांबलो आहोत. संदर्भ पाहायचा असेल तर एकोणतिसाव्या श्लोकापासून वाचावे. ‘समोऽहं सर्वभूतेषु न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः’ असे तिथे आहे. त्यानंतर अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे आहे. मग ‘न मे भक्तः प्रणश्यति’ ही प्रतिज्ञा येते, आणि त्यानंतर हा श्लोक. या चढत्या क्रमात त्याचे काम कोणाला हीन ठरवण्याचे नसून दार उघडण्याचे आहे. ज्या काळात स्त्रीशूद्रांना मोक्षाचा विचारही नाकारला जात होता, त्या काळाच्या मानाने हे वाक्य क्रांतिकारक होते. त्या मुलीला ‘पापयोनयः’ हा शब्द न दाखवता ‘तेऽपि यान्ति परां गतिम्’ हे शब्द दाखवावेत.

माळरान

मी सोलापूरचा. सहसा वाचतो आणि निघून जातो, परंतु या धाग्यावर लिहिणे मला भाग आहे.

दुसरा अन्वय, म्हणजे ‘पापयोनी’ हा वेगळा गट मानण्याचा, सापडल्यावर संथाताईंचा जीव भांड्यात पडला. माझ्या घरात तो अन्वय निराळा ऐकू येतो. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात हाच अन्वय स्वीकारला आहे. पापयोनी हे स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांचे विशेषण आहे, हे काही टीकाकारांचे मत त्यांना मान्य नाही. मग ते पापयोनी कोण, तर सरकारदरबारी ज्यांना गुन्हेगार जाती म्हणतात त्या, असा खुलासा त्यांनी या श्लोकाच्या टीपेत केला आहे. ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला गेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झाला. गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ सालचा आहे, आणि १९११ साली तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी नव्याने करण्यात आला. म्हणजे टिळकांनी वापरलेला शब्द त्या काळी एक जिवंत कायदेशीर शिक्का होता.

माझे आजोबा त्या शिक्क्याखाली जन्मले. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाच्या आत त्यांचे बालपण गेले. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि कुंपणाबाहेर कामाला जायचे तर पास घ्यावा लागे. त्यांनी कधी चोरी केली की नाही, हा प्रश्नच कायद्याला पडत नव्हता, कारण कोणत्या जातीत जन्मलात एवढ्यावर गुन्हा आधीच नोंदलेला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, म्हणून आम्ही त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतो. पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून तो किती पुसला गेला, ते आमच्या पारध्यांच्या आणि कैकाड्यांच्या वस्त्यांत येऊन विचारावे.

टिळकांविषयी मला अनादर नाही. परकीय सरकारने राजद्रोही ठरवून तुरुंगात टाकलेल्या माणसाने त्याच सरकारने दुसऱ्यांवर मारलेला शिक्का श्लोकाच्या अर्थात बसवावा, याचे मला दुःख होते. मला एवढेच सांगायचे आहे की, ‘तू पापयोनी नाहीस, ते दुसरे कोणीतरी आहेत’ असे सांगून त्या मुलीला सोडवले, तर त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाला आपण त्या शब्दाखाली ढकलत असतो. तिची सुटका आणि त्याची अटक एकाच वाक्यात होते.

भाष्यवाचक

माळरान, आपला प्रतिसाद वाचून मी माझा छांदोग्याचा युक्तिवाद पुन्हा काढून पाहिला, आणि मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी ते वाक्य अर्धेच उद्धृत केले होते. रमणीय योनींच्या नंतर त्याच वाक्यात ज्यांचे आचरण वाईट त्यांच्या वाट्याला येणाऱ्या योनी सांगितल्या आहेत : श्वयोनी, सूकरयोनी आणि चांडालयोनी. वैश्यांना सोडवण्यासाठी मी ज्या वाक्याचा आधार घेतला, त्याच वाक्यात एका मनुष्यसमूहाला कुत्र्याच्या आणि डुकराच्या पंगतीत बसवले आहे. पुराव्याचे वजन मला दिसले आणि त्याच्याखाली कोण दबले आहे ते दिसले नाही.

अन्वय म्हणून दुसरा पर्याय मी अजूनही टाकाऊ मानत नाही. पण त्याला तोडगा म्हणणे मी थांबवतो.

लेखाजोखा

‘त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक’ हे निर्मळवाट यांचे वाक्य मला तपासावेसे वाटते, कारण ते संदर्भाचे वाक्य आहे आणि तरीही त्यात त्या काळाचा शोध घेतलेला नाही.

त्या काळात फक्त वैदिक परंपराच बोलत होती का? बौद्ध भिक्खुणींच्या गाथा पाली भाषेत आजही उपलब्ध आहेत. त्यांत सोमा नावाच्या थेरीला, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणीला, साधकांना मोहात पाडणारा मार टोमणा मारतो की, दोन बोटांची बुद्धी असलेल्या स्त्रीला ऋषींचे स्थान मिळायचे नाही. त्यावर ती विचारते, “इत्थिभावो किं कयिरा, चित्तम्हि सुसमाहिते?” चित्त नीट स्थिर झालेले असताना स्त्रीपणाने काय फरक पडणार आहे? (भिक्खुणींवरही आठ जादा नियम लादलेले होते, हे मला ठाऊक आहे. मी कोणतीही परंपरा निर्मळ आहे असे म्हणत नाही.) मुद्दा असा की, ‘अपि’, म्हणजे ‘तेही’ मधला ‘ही’, न लावता हे बोलणारा आवाज या भूमीत होता. काळाचा संदर्भ द्यायचा तर तो पूर्ण द्यावा.

दुसरे असे की, आपण संदर्भ मागतो कधी? ‘पत्रं पुष्पं फलं तोयम्’ हा याच अध्यायातील सव्विसावा श्लोक आपण लग्नपत्रिकेवर छापतो, तेव्हा कोणी संदर्भ विचारत नाही. तो त्रिकालाबाधित असतो. सहा श्लोक पुढे गेलो की एकदम ‘तत्कालीन समाज’ येतो. शंका फक्त नकोशा ओळींवर घ्यायची आणि हव्याशा ओळी सनातन मानायच्या, याला मी अर्थ लावणे म्हणत नाही.

डॉ. आंबेडकरांनी गीतेवर जे लिहिले, आणि जे त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले, त्यात त्यांचा रोख एकेका शब्दाच्या अर्थावर नव्हता. चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार पुरवण्याचे काम हा ग्रंथ करतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य करा अथवा करू नका, परंतु संदर्भाच्या चर्चेत त्याला जागा असली पाहिजे, कारण ग्रंथाचा उपयोग काय झाला, हाही ग्रंथाचा संदर्भच आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, अपशूद्राधिकरण नावाच्या प्रकरणात, शूद्राला वेदपूर्वक ज्ञानाचा अधिकार नाही, असा निर्णय दिला, आणि तो देताना वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील व लाख ओतण्याचे स्मृतिवचन पुरावा म्हणून उद्धृत केले. गीतेच्या बत्तिसाव्या श्लोकावर भाष्य करणारे हात तेच आहेत.

पैसखांब

लेखाजोखा यांनी अपशूद्राधिकरण काढले, ते बरे झाले, कारण त्याच अधिकरणाच्या शेवटी शंकराचार्य असेही म्हणतात की, इतिहासपुराणांच्या द्वारे ज्ञान मिळवण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधातही स्त्रिया, शूद्र आणि नावापुरते द्विज यांच्या कानी वेद पडत नाहीत, म्हणून व्यासांनी कृपेने भारत रचले, असे सांगितले आहे. गीता त्या भारताच्या पोटात आहे. म्हणजे ज्या ग्रंथात स्त्रीशूद्रांचा उल्लेख ‘तेही’ असा परकेपणाने येतो, तो ग्रंथ परंपरेच्याच म्हणण्यानुसार त्यांच्यासाठी सांगितलेला आहे. ज्याच्यासाठी जेवण रांधले त्याला दाराबाहेर बसवून वाढावे, तसे काहीसे हे झाले आहे.

मी नेवाशाच्या बाजूचा, त्यामुळे ज्ञानेश्वरीवाचून माझे वाचन पुढे सरकत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांपुढे हाच श्लोक आला. त्यांनी काय केले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

प्रथम ते श्लोकापर्यंत पोहोचण्याआधीच भूमी तयार करतात. दैत्यकुळात जन्मलेल्या प्रल्हादाने देवांना उणे आणले, हे उदाहरण येते. मग :

म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण ।
एथ अर्जुना माझेपण । सार्थक एक ॥

‘अकारण’ हा शब्द मूळ श्लोकात कुठेही नाही. गीता म्हणते, ते असूनही पोहोचतात, आणि ज्ञानदेव म्हणतात, ते कारणच नव्हे. मग दृष्टांत येतात. गंगेला मिळेपर्यंतच ओढे आणि ओहोळ वेगळे, अग्नीत पडेपर्यंतच खैर आणि चंदन वेगळे. आणि त्यानंतर :

तैसें क्षत्री वैश्य स्त्रिया । कां शूद्र अंत्यजादि इया ।
जाती तंवचि वेगळालिया । जंव न पवती मातें ॥

मग जाती व्यक्ती पडे बिंदुलें । जेव्हां भाव होती मज मीनले ।
जैसे लवणकण घातले । सागरामाजीं ॥

यादी नीट पाहावी. गीतेने राजर्षींना तेहतिसाव्या श्लोकात, म्हणजे वरच्या बाजूला, ठेवले होते. ज्ञानदेवांनी क्षत्रियाला ओहोळांच्या रांगेत आणून उभे केले. गीतेच्या या श्लोकात ज्यांचा उल्लेखही नव्हता, त्या अंत्यजांचे नाव घेतले. आणि मग जातीवर सरळ ‘बिंदुलें’, म्हणजे शून्य, मांडले. मीठ समुद्रात पडल्यावर खडा कोणत्या पोत्यातला होता, हे कोण सांगणार? श्लोकाचा प्रत्यक्ष अनुवाद त्यानंतर येतो : ‘यालागीं पापयोनीही अर्जुना । कां वैश्य शूद्र अंगना । मातें भजतां सदना । माझिया येती’. येथील ‘कां’ म्हणजे ‘किंवा’. म्हणजे ज्ञानदेवांचा कलही पापयोनी वेगळे मानण्याकडे आहे, असे मी वाचतो. पण तोवर कुळ, जाती आणि वर्ण यांचा हिशेबच मिटलेला असल्यामुळे तो शब्द कोणाच्याही अंगावर जाऊन बसत नाही. माळरान यांनी दाखवलेली ढकलाढकली येथे होत नाही, निदान माझ्या वाचनाप्रमाणे तरी.

सगळेच सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे की, लगेच पुढच्या श्लोकावर ‘मग वर्णांमाजीं छत्रचामर । स्वर्ग जयांचें अग्रहार । मंत्रविद्येसि माहेर । ब्राह्मण जे’ अशी ब्राह्मणांची स्तुती ज्ञानदेव मनापासून करतात आणि ती थोडक्यात आटोपत नाहीत. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना वाळीत टाकल्याचे परंपरा सांगते, त्यांनीच ती केली आहे. तिला झाकून ठेवून मी ज्ञानेश्वरी कोणाच्या हाती देणार नाही.

संथा

मध्येच लिहिते आहे. पैसखांब, ‘अकारण’ हा शब्द मी इतकी वर्षे म्हणत आले आणि तो श्लोकात नाही हे कधी ध्यानात आले नव्हते. माळरान, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. मला जे उत्तर मिळाले म्हणून मी निश्चिंत झाले होते, ते कोणाच्या डोक्यावर ठेवून मिळाले होते, हे मला दिसले नव्हते.

स्तोत्रपाठक

मी अहिल्यानगरचा ख्रिस्ती आहे, आणि हा प्रश्न आमच्या घरातलाही आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आमच्या स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नद्यांकाठी बसून रडणाऱ्या निर्वासितांचे आहे. सुरुवात इतकी कोमल आहे की, कोणालाही भरून यावे. शेवटच्या ओळीत मात्र बाबेलची तान्ही बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सिद्ध केलेल्या दैनिक प्रार्थनाविधीतून अशा शापवाणीच्या ओळी, आणि काही संपूर्ण स्तोत्रे, वगळली. माझे वडील वगळण्याच्या विरुद्ध होते. यरुशलेम ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात जाळले गेले, ज्यांची मुले मारली गेली त्यांच्या तोंडची ही किंकाळी आहे, ती देवाची आज्ञा नाही, आणि तोंड दाबल्याने किंकाळी प्रार्थना होत नाही, असे ते म्हणत. मला त्यांचे म्हणणे पटते. पण हे स्पष्टीकरण त्या स्तोत्राला लागू पडते म्हणून ते सर्वत्र लागू पडत नाही. ‘स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा, हे मी होऊ देत नाही’ असे बायबलच्या नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आहे. ती काही किंकाळी नव्हे, ती व्यवस्था आहे, आणि तिला व्यवस्था म्हणूनच तोंड द्यावे लागते.

पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे की, शास्त्रपुराणे अनेक बाबतींत एकमेकांशी भांडत असली, तरी सगळ्याच स्त्रिया वाईट आहेत आणि त्यांना पुरुषांसारखा मोक्ष नाही, यावर ती एकमत होती. पुराणे मुखोद्गत असलेली बाई हे सांगते आहे. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. ग्रंथ जिच्याविषयी बोलतो, ती स्वतः ग्रंथ हाती घेऊन मूळ भाषेत वाचू लागते, त्याने संदर्भ बदलतो, असे मला वाटते.

शिऊरची वाट

स्तोत्रपाठक यांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहिते.

इथे आतापर्यंत भाष्यकारांची चर्चा झाली आणि ज्ञानदेवांचीही झाली, परंतु श्लोकात जिचे नाव आहे, ती कोणीच बोललेली नाही. संत बहिणाबाईंचा अभंग आहे :

वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे ॥
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आता कैची ॥

सतराव्या शतकातील बाई हे लिहिते आहे. तिच्या मते वेद कुजबुजत नाहीत, हाका देतात, आणि पुराणे गर्जतात. त्या गर्जनेच्या समोर ती ‘सहज’ हा शब्द वापरते. मी काही केलेले नाही, मी फक्त असा देह घेऊन आले आहे. संथाताईंच्या वर्गातील मुलीने जो प्रश्न विचारला, तो हाच आहे आणि साडेतीनशे वर्षांनी विचारला आहे.

बहिणाबाई ब्राह्मणाच्या घरात जन्मल्या आणि ब्राह्मणाच्या घरात दिल्या गेल्या. त्यांना बत्तिसाव्या श्लोकात बसवायचे की तेहतिसाव्या? ‘पुण्या ब्राह्मणाः’ म्हणताना त्या ब्राह्मणाची बायको, आई आणि मुलगी कुठे उभ्या आहेत? हे दोन श्लोक शेजारी ठेवले की ‘ब्राह्मण’ हा शब्द केवळ पुरुषासाठी आहे, हे आपोआप उघड होते, आणि मी वाचलेल्या कोणत्याही भाष्यात याविषयी एक ओळही मला आढळली नाही. बहिणाबाईंनी शूद्र म्हणून हिणवल्या गेलेल्या तुकोबांना गुरू केले, त्यासाठी नवऱ्याचा मार खाल्ला, आणि ते सगळे आपल्या अभंगांत लिहून ठेवले. त्यांनी श्लोकाचा अन्वय लावत बसण्याऐवजी पापयोनी ठरवलेल्यांपैकी एकाकडून उपदेश घेतला. यालाही मी भाष्यच म्हणते.

आणि जनाबाई तर म्हणतात, ‘स्त्री जन्म म्हणवुनी न व्हावे उदास’. ही ओळ त्या मुलीला सांगा, पण तिच्या प्रश्नाच्या जागी सांगू नका. प्रश्नाचे उत्तर देऊन झाल्यावर सांगा.

निर्मळवाट

‘पापयोनयः हा शब्द दाखवू नये’ असे मी वर लिहिले होते. ते मागे घेतो. श्लोकांच्या क्रमाविषयीचे माझे म्हणणे मला अजूनही खरे वाटते आणि ‘समोऽहं सर्वभूतेषु’ हा त्या पाच श्लोकांचा कणा आहे, असेच मी मानतो. पण कणा दाखवण्यासाठी जखम झाकायची गरज नव्हती.

पैसखांब

एक गोष्ट राहून गेली होती. लेखाजोखा म्हणतात की, ग्रंथाचा दोष ग्रंथाच्या आतून कोणी कबूल करत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव तो कबूल करतात, आणि तोही वेदाचे नाव घेऊन :

वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं ।
जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥

येरां भवव्यथा ठेलियां । स्त्रीशूद्रादिकां प्राणियां ।
अनवसरु मांडूनियां । राहिला आहे ॥

तरी मज पाहतां तें मागील उणें । फेडावया गीतापणें ।
वेदु वेठला भलतेणें । सेव्य होआवया ॥

वेद श्रीमंत आहे, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. भवव्यथेत पडलेल्या स्त्रीशूद्रादिकांना त्याने जवळ येऊ दिले नाही. ते मागील उणेपण फेडण्यासाठी वेदाने गीतेचे रूप घेतले. वेदावरची श्रद्धा तसूभर न ढळू देता त्याला कृपण म्हणणारा हा माणूस आहे. ‘उणें’ हा शब्द त्याने वापरला, त्याच्याऐवजी ‘संदर्भ’ वापरून वेळ मारून नेली नाही.

लेखाजोखा

ग्रंथाच्या आतून दोष कबूल होत नाही, असे मी या धाग्यावर लिहिलेले नाही, पण माझ्या लिहिण्याचा रोख तसा होता, हे खरे आहे. या ओव्या मी पूर्वी लक्ष देऊन वाचलेल्या नव्हत्या. माझे मूळ मत बदललेले नाही. मात्र ‘मागील उणें’ हे शब्द टिपून ठेवले आहेत.

संथा

काल रविवार होता. वर्गाचे काय झाले, ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

नवीन श्लोक घेतले नाहीत. एकोणतिसाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतचे पाच श्लोक फळ्यावर लिहिले, आणि त्या मुलीला सर्वांसमोर सांगितले की, मागच्या वेळी मी तुला दिलेले उत्तर उत्तर नव्हते. मग दोन्ही अन्वय खडूच्या दोन रंगांनी दाखवले. शंकराचार्यांनी पहिला घेतला, टिळकांनी दुसरा घेतला, आणि टिळकांच्या अन्वयात कोणाची नावे आली, तेही सांगितले. माझा आवाज त्या ठिकाणी कापला. किं पुनः याविषयी एका मुलाने आपण होऊन विचारले, “म्हणजे देवाला सगळे सारखे, पण सांगताना मात्र आधी ब्राह्मणांचे कौतुक, असे का?” मी त्याला सांगितले की, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जगात ती पायरी होती आणि या दोन श्लोकांनी ती मोडली नाही. ज्ञानदेवांनी ती निम्मीअधिक मोडली आणि तरीही काही शिल्लक ठेवली. मुलांना हे जड जाईल असे मला वाटले होते. जड मलाच गेले.

ती मुलगी शेवटपर्यंत ऐकत होती. तिने विचारले, “मग हे सगळे आपल्या पुस्तकात का छापलेले नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बत्तिसाव्या श्लोकाच्या समासात पेन्सिलीने ‘अठराव्या अध्यायातील ‘वेदु संपन्नु’ या ओव्या पाहाव्यात’ असे लिहिले. सर्व मुलांनी आपापल्या पुस्तकात लिहिले.

दहावा अध्याय आणखी एक आठवडा पुढे ढकलला आहे. माळरान, आपल्या आजोबांच्या हजेरीची हकीकत आपण स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवाल का? माझ्या तोंडून ती सांगणे योग्य होणार नाही.

माळरान

पाठवतो. आजोबांचा कुंपणाबाहेर जाण्याचा एक पास आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. त्याच्यावर नावाच्या आधी जात लिहिलेली आहे. त्याचे छायाचित्रही सोबत पाठवतो, मुलांना हातात घेऊन पाहता येईल एवढे मोठे छापून घ्यावे.